इलियड दुसऱ्या सर्गात अडकलंय, पुढे कसं जाऊ?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. मी इथे कायम नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

या सेमिस्टरला आम्हाला होमरचं इलियड, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातलं ते ग्रीक महाकाव्य, लागलंय, इंग्रजी भाषांतरातून पण अख्खं, म्हणजे उतारे वगैरे नाही, चोवीसच्या चोवीस सर्ग. पाच आठवड्यांत वाचायचं आणि त्यावर ट्युटोरियल द्यायचं, विषय 'अकिलीसचा राग कुठे संपतो?' (अकिलीस म्हणजे ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा). मी हौसेने सुरुवात केली. पहिला सर्ग एका बैठकीत झाला, म्हणजे तो पुजारी मुलीला सोडवायला येतो, ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो, मग अपोलो रोगाची साथ पाठवतो, नऊ दिवस माणसं मरतात, शेवटी मुलगी परत करावी लागते तर हा पठ्ठ्या त्या बदल्यात अकिलीसला लुटीत मिळालेली ब्रिसेइस उचलून नेतो. इथपर्यंत एकदम टीव्ही सिरियलच्या स्पीडने चाललं होतं.

मग आला दुसरा सर्ग आणि ती जहाजांची यादी. अमुक ठिकाणचे तमुक, त्यांचा म्होरक्या अमक्याचा मुलगा ढमका, त्यांच्याबरोबर चाळीस काळी जहाजं. परत अमुक ठिकाणचे, परत चाळीस काळी जहाजं. मी सिन्सियरली वहीत नावं लिहायला घेतली, साठेक झाली आणि मग वही मिटली ती मिटलीच. पुढे काय आहे म्हणून चौथा पाचवा सर्ग चाळला तर तिथे नुसती कापाकापी. भाला इथून घुसला, तिथून निघाला, दात पडले, जीभ तुटली, आणि मरणाऱ्या प्रत्येकाला नाव, बापाचं नाव, गाव, आणि पुढच्या ओळीत तो संपलेला. हे सगळं लक्षात ठेवायचं का? की सरळ उड्या मारत वाचू?

आणि अजून एक, हसू नका प्लीज. लाकडी घोडा कुठल्या सर्गात आहे? मी शेवटची पानं शोधली, सापडला नाही. अकिलीसच्या टाचेत बाण लागतो ते पण नाही. माझी प्रत अर्धवट आहे का?

तळटीप

प्रत पूर्ण आहे, काळजी नको :) घोडा इलियडमध्ये नाहीच. तो होमरच्याच दुसऱ्या काव्यात, ओडिसीमध्ये, ओझरता येतो, एक गवई दरबारात ती गोष्ट गातो तेव्हा, आणि सविस्तर सापडतो तो व्हर्जिलच्या लॅटिन काव्यात, म्हणजे होमरनंतर काही शतकांनी. टाचेचं प्रकरण तर त्याहूनही उशिराचं. होमरचा अकिलीस अभेद्य वगैरे काही नाहीये, एकविसाव्या सर्गात एकाचा भाला त्याच्या कोपराजवळ चाटून जातो आणि चांगलं रक्त येतं. त्याला चिलखत लागतं, ते मित्राला दिलं तर नवीन बनवून घ्यावं लागतं, आणि आपण मरणार हे त्याला पक्कं माहीत आहे. टाचेची गोष्ट डोक्यात घेऊन वाचलं तर ही सगळी मजा जाते, कारण मग तो सुपरहिरो होतो.

आता मुख्य गोष्ट. तू 'ट्रॉयचं युद्ध' वाचायला बसलीयेस म्हणून अडकतेयस. हे काव्य युद्धाची गोष्ट सांगतच नाही, दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे पन्नासएक दिवस सांगतं, त्यातही प्रत्यक्ष लढाई चारच दिवस. युद्ध सुरू कसं झालं ते नाही, शहर पडतं कसं तेही नाही. रागाने सुरू होतं आणि एका अंत्यसंस्काराने संपतं. पंधरा हजार सहाशेच्या वर ओळी आहेत आणि त्यातला मोठा भाग अकिलीस तंबूत बसून आहे!

वाचायचं कसं, तर मी जे केलं ते सांगतो. जहाजांची यादी पहिल्या वाचनात सोडून दे, गुन्हा नाही. १, ६, ९, १६, १८, २२, २४ हे सर्ग सावकाश, एकेक दोनदा. १९ ला ब्रिसेइस बोलते तो भाग चुकवू नकोस. मधलं सगळं वाच पण धावत, नावांचं ओझं न घेता. दहावा सर्ग, रात्रीची हेरगिरी, तो नंतर कोणीतरी घुसडलाय असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, मलाही तो उपराच वाटतो. आणि चोवीस हा आकडा पवित्र मानू नकोस, ही विभागणी नंतरच्यांनी केलीये, ग्रीक मुळाक्षरं चोवीस म्हणून सर्गही चोवीस.

आणि मोठ्याने वाच. खोलीत दुसरं कोणी असेल तर दार लावून, पण मोठ्यानेच.

चकवा

मी उलटं बोलणार, सवयीने.

हे ग्रंथ ग्रेट आहेत असं सगळे म्हणतात म्हणून आपण पण म्हणायचं, असं चाललेलं असतं. मी कॉलेजात असताना वाचलं होतं, जबरदस्तीने. अकिलीस म्हणजे लाडावलेलं कार्टं आहे सरळसरळ. बक्षीस म्हणून मिळालेली बाई वरिष्ठाने हिसकावली, तर हा समुद्राकाठी जाऊन आईला हाका मारतो, आई जाते झ्यूसकडे, आणि मागणं काय तर माझ्याच बाजूची माणसं मरू देत म्हणजे त्यांना माझी किंमत कळेल. हा नायक? आणि ज्या बाईवरून हे सगळं रामायण घडलं, बरं महाभारत म्हणा, तिला कोणी एका शब्दाने विचारलंय का? तिकडून इकडे, इकडून तिकडे, तिवईसारखी.

देव तर विचारूच नका. ज्याने हेलनला पळवून हे युद्ध ओढवलं त्या पॅरिसला अफ्रोडायटी द्वंद्वातून उचलून थेट बेडरूममध्ये नेऊन ठेवते. युद्ध तिथेच संपलं असतं.

कोरी_वही, नोट्स वाच, पास हो, आयुष्य सुंदर आहे.

उंबरठा

चकवा, तुमचं ब्रिसेइसवालं बरोबर आहे आणि नाहीये पण, त्यावर येते थोड्या वेळाने. आधी कोरी_वहीच्या त्या 'नाव, बापाचं नाव, संपला'बद्दल, कारण मी पण तिथेच अडकले होते आणि तिथूनच मला हे काव्य सापडलं.

तळटीपांनी धावत वाच म्हटलंय ते ठीक, पण माझं ऐकशील तर दर सर्गात निदान एका मरणापाशी थांब. फक्त एका. चौथ्या सर्गात सिमोइसिओस म्हणून एक पोरगा आहे, लग्न न झालेला. त्याचं नाव असं का, तर त्याची आई आईवडिलांबरोबर मेंढरं बघायला डोंगरावर गेली होती आणि परत येताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून नदीचं नाव. मोठा एजॅक्स त्याला छातीत भाला मारतो आणि तो पडतो, कसा, तर ओलसर कुरणात वाढलेला पॉप्लर पडावा तसा, सरळसोट, नुसत्या शेंड्याला फांद्या, रथ बनवणाऱ्याने चाकाची धाव वाकवायला तो तोडलाय आणि आता तो नदीकाठी वाळत पडलाय. बस. त्या पोराचं इलियडमधलं सगळं आयुष्य एवढंच, पंधरासोळा ओळी, आणि त्यात दोनदा नदीकाठ. जन्मला तिथे आणि उपमेत पडला तो पण तिथेच.

सहाव्या सर्गात अ‍ॅक्सिलस येतो. श्रीमंत माणूस, घर रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना घरात घ्यायचा, पाहुणचार करायचा, माणसांना प्रिय होता असं होमर सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो की त्यातलं कोणीही त्या दिवशी त्याच्या पुढे उभं राहून त्याला वाचवायला आलं नाही. मी ही ओळ वाचून पुस्तक खाली ठेवलं होतं. मारणारा ग्रीक योद्धा डायोमिडीज, त्याला या माणसाचं घर कुठे होतं हे माहीत पण नाही. आपल्याला माहीत आहे.

अशी दोनशेहून जास्त माणसं मरतात, बरीचशी ट्रॉयच्या बाजूची, म्हणजे ज्यांच्या भाषेत हे काव्य आहे त्यांचे शत्रू. त्यांचे बाप, बायका, अर्धवट राहिलेली कामं कवी नोंदवत बसतो. हे मला कापाकापी वाटत नाही, माहीत नाही शब्द काय, हजेरीपट कदाचित.

आणि तुझी ती जहाजांची यादी! त्यात पण आहे. प्रोटेसिलाऊस शोध. जहाजावरून ट्रॉयच्या मातीत पहिली उडी मारणारा, आणि पहिला मेलेला. त्याची बायको मागे राहिलीये, दोन्ही गाल ओरबाडून घेतलेली, आणि घर अर्धवट बांधलेलं. 'अर्धवट घर' एवढंच. यादीत चाळीस काळी जहाजं त्याची पण आहेतच.

कोरी_वही

बापरे. मी ते पान वाचलं होतं आणि मला काहीच दिसलं नव्हतं. आत्ता परत काढून बघितलं, माझ्या वहीत पण त्याचं नाव आहे, पुढे '४० जहाजं' लिहिलंय आणि घराबद्दल काहीच नाही :(

सहा_गण

उशिरा आलो. मी हौस म्हणून तीन वर्षं ग्रीक शिकतोय, रडतखडत, रोज दहापंधरा ओळी होतात, त्यामुळे अधिकाराने काही बोलत नाही पण दोनतीन गोष्टी मूळ ओळींत दिसतात त्या सांगतो.

एक. काव्याचा पहिलाच शब्द 'मेनिन'. इंग्रजीत राग, क्रोध, संताप काहीही करतात. तो साध्या रागाचा शब्द नाहीये, होमरमध्ये तो सहसा देवांसाठी येतो, आणि माणसांत अकिलीससाठी. मराठीत आपल्याकडे यासाठी फर्स्ट क्लास शब्द आहे, कोप. राग मला येतो, तुला येतो, कोप देवाचा होतो आणि त्यात गावंच्या गावं जातात. पहिल्या सर्गात आधी अपोलोचा कोप येतो आणि लगेच अकिलीसचा, दोघांच्याही पायी ग्रीकच मरतात. ट्युटोरियलचा विषय राग असेल तर 'कोप' हा शब्द डोक्यात ठेवून वाच.

दोन, ती पुन्हा पुन्हा येणारी विशेषणं. चपळ पायांचा अकिलीस, घोडे माणसाळवणारा हेक्टर (ट्रॉयचा राजपुत्र). यात गंमत म्हणजे पहिल्या सर्गात अकिलीस रुसून जहाजांपाशी बसून आहे आणि त्याच वाक्यात तो 'चपळ पायांचा' आहे, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जहाजं 'वेगवान' आहेत. मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिलं की ही विशेषणं ओळीत जागा किती उरलीये त्यावर ठरतात, गाणाऱ्याला ऐन वेळी ओळ पुरी करायला हाताशी लागतात. आपल्याकडे कौंतेय, पार्थ, धनंजय हे जसं वृत्ताच्या सोयीने आलटून पालटून येतं तसंच काहीसं, अकिलीसला पण 'पेलेउसचा मुलगा' म्हणून एक नाव आहेच. पॅरी नुसता पुस्तकात शोधत बसला नाही, १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग केलं त्याने. त्यातला अवदो मेजेदोविच, ज्याला लिहितावाचता येत नव्हतं, त्याने एक गाणं सांगितलं ते बारा हजार ओळींच्या वर गेलं. त्यामुळे इतकं मोठं काव्य तोंडी होऊच कसं शकतं हा प्रश्न बराच निकालात निघाला. त्याच वर्षी, १९३५ मध्ये, पॅरी बंदुकीची गोळी लागून गेला, वय तेहतीस. पुढचं काम त्याच्या सहकाऱ्याने, आल्बर्ट लॉर्डने नेलं.

तीन, छंद. शाळेत 'यमाताराजभानसलगा' पाठ केलं होतं ना? त्यातला भगण, गुरु लघु लघु, तोच इथला मुख्य गण. ओळीत सहा गण, त्यातले बरेचसे भगण किंवा त्याऐवजी दोन गुरु, शेवटचा दोन अक्षरांचा. म्हणून माझं नाव. तळटीप मोठ्याने वाच म्हणतायत ते याचसाठी, भाषांतरात भगण टिकत नाही पण धाप टिकते.

भाषांतर कुठलं लावलंय तुम्हाला? लॅटिमोरचं, १९५१ चं, ओळीला ओळ जवळ राहतं पण जड. फेगल्सचं १९९० चं मोठ्याने वाचायला मस्त. एमिली विल्सनचं २०२३ चं इंग्रजी छंदात आहे, भाषा साधी, पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी तेच देईन. एकच धरून बस, तीन उघडून तुलना करायला लागलीस की संपलं.

चकवा

'कोप' आवडला. बाकी मत कायम.

आणि उंबरठा, ब्रिसेइसचं सांगणार होतात.

उंबरठा

सांगते. अठरा सर्ग ती जवळजवळ मुकी आहे हे खरं. एकोणिसाव्यात तिला परत आणून सोडतात आणि समोर पॅट्रोक्लसचं, म्हणजे अकिलीसच्या जिवलग मित्राचं, प्रेत. ती त्यावर पडून रडते आणि पहिल्यांदाच बोलते. माझ्या नवऱ्याला शहराबाहेर कापलेलं मी पाहिलं, तीन सख्खे भाऊ त्याच दिवशी गेले, आणि अकिलीसने नवऱ्याला मारलं तेव्हा तू मला रडू पण दिलं नाहीस, म्हणालास तुझं अकिलीसशी रीतसर लग्न लावून देईन. तू नेहमी माझ्याशी मऊ वागलास. असं म्हणते ती.

आणि मग भोवतीच्या बाकीच्या बंदिवान बायका पण रडायला लागतात, होमर म्हणतो, दाखवायला पॅट्रोक्लससाठी, पण प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठी.

चकवा, तिला कोणी विचारलं नाही हे बरोबर. पण विचारलं नाही हे कवीला माहीत आहे. नाहीतर ती दुसरी ओळ आली नसती.

कोरी_वही

धागा वर काढतेय, दोन आठवडे झाले. मी सोळाव्या सर्गापर्यंत पोचले!! (एकोणिसावा आधीच वाचून टाकला, उंबरठाताईंमुळे.)

सहाव्यातलं ते हेक्टर आणि बायकोचं... बाळ बापाच्या शिरस्त्राणाला घाबरून दाईच्या कुशीत शिरतं, वर हलणारा तो घोड्याच्या केसांचा तुरा बघून, आणि दोघं आईबाप हसायला लागतात, मग तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि बाळाला उचलतो. मला वाटलं होतं महाकाव्यात लोक फक्त भाषणं देतात.

प्रश्न नवव्या सर्गाचा आहे. अ‍ॅगमेम्नॉन शेवटी नमतो ना? सात तिवया, दहा टॅलेंट (हे वजनाचं माप) सोनं, वीस कढया, बारा घोडे, सात बायका, वर ब्रिसेइस परत, वर शपथ की मी तिला हात लावला नाही, आणि युद्ध संपल्यावर स्वतःची मुलगी आणि सात शहरं. एवढं देतोय तर अकिलीस नाही का म्हणतो? इथे मला चकवा यांचं पटायला लागलं, की आता हा अतीच करतोय. ट्युटोरियलमध्ये सगळे हेच लिहिणार आहेत की इथपर्यंत तो बरोबर होता आणि नवव्या सर्गापासून तो चुकला.

तळटीप

नमतो कुठे? यादी परत वाच, शेवटच्या चार ओळींसकट. सगळी बक्षिसं मोजून झाल्यावर अ‍ॅगमेम्नॉन म्हणतो, आता त्याने माझ्यापुढे झुकावं, कारण मी त्याच्यापेक्षा मोठा राजा आहे. माफी नाही. खरं तर मुलगी देतो म्हणजे त्याला जावई करून घेतो, म्हणजे कायमचा आपल्या हाताखाली. दूत म्हणून गेलेला ओडिसियस अकिलीसच्या तंबूत जाऊन हीच यादी जवळजवळ शब्दाला शब्द म्हणून दाखवतो, आणि बरोब्बर ते शेवटचं वाक्य गाळतो. त्याच्या जागी बाकीच्या ग्रीकांची तरी दया कर म्हणतो.

आणि अकिलीसचं पहिलंच उत्तर काय? मनात एक आणि ओठावर दुसरं असलेला माणूस मला नरकाच्या दारासारखा वाटतो. गाळलेलं वाक्य त्याने ऐकलेलं नाही, पण वास आलाय.

सहा_गण

तळटीप, ओडिसियसवालं शंभर टक्के, पण अकिलीसला इतकं सोडू नका. तो नुसता अपमानावर अडलेला नाहीये, तो हिशेबच मोडतो. म्हणतो गुरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की लुटून पण परत येत नाही. आईने त्याला दोन वाटा सांगितल्यात, इथे राहिला तर कीर्ती आणि लवकर मरण, घरी गेला तर लांब आयुष्य आणि नाव काही नाही. म्हणजे बाकी सगळे ज्या चलनात व्यवहार करतायत ते चलनच त्याने नाकारलं. मला तो या सर्गात सगळ्यात शहाणा वाटतो आणि सगळ्यात एकटा पण. चुकतो, पण ते इथे नाही. चुकतो सोळाव्यात, स्वतः न जाता पॅट्रोक्लसला आपलं चिलखत घालून पाठवतो तिथे. ना धड राग पाळला ना धड सोडला.

(थोडं अवांतर: नवव्यात तंबूकडे जाणारे तिघं आहेत, ओडिसियस, एजॅक्स आणि म्हातारा फीनिक्स, पण ग्रीकमध्ये क्रियापदं द्विवचनात आहेत. होय, संस्कृतसारखं द्विवचन आहे होमरमध्ये. तिघांना द्विवचन का, यावर विद्वान अजून भांडतायत. बहुतेक फीनिक्स नंतर आला आणि जुन्या ओळी तशाच राहिल्या असं एक मत. भाषांतरात हे शिवण दिसतच नाही.)

तळटीप

सोळाव्यात चुकतो हे मान्य. सोडलं त्याला.

चकवा

एक मिनिट. म्हणजे मी जे म्हणत होतो की तो चुकतो, ते मान्य झालं, फक्त सर्ग बदलला :D

बाय द वे मी गेल्या आठवड्यात बाविसावा परत काढला. कोणाला सांगू नका. हेक्टर शहराभोवती पळतोय, अकिलीस मागे, तीन फेऱ्या, आणि ऐन त्या पळापळीत होमर थांबून सांगतो की इथे दोन झरे होते, एक गरम एक गार, आणि दगडाच्या डोण्या होत्या जिथे ट्रॉयच्या बायका आणि मुली कपडे धुवायच्या, पूर्वी, शांतता होती तेव्हा, ग्रीक यायच्या आधी. कॉलेजात वाचलं तेव्हा मी ही डोणी बघितलीच नव्हती. मी तेव्हा बहुतेक कोण जिंकतं तेच बघत होतो.

उंबरठा

मग थोडं पुढे पण वाचा. हेक्टर मेलाय, शहरभर रडारड, आणि त्याची बायको अँड्रोमाकी घरात आतल्या खोलीत मागावर बसलीये, जांभळ्या कापडात फुलं विणतेय, आणि दासींना सांगतेय मोठं भांडं चुलीवर चढवा, हेक्टर लढून येईल, त्याला आंघोळीला गरम पाणी लागेल. मग तिला आवाज ऐकू येतो आणि हातातला धोटा खाली पडतो.

कोरी_वही

झालं! काल रात्री पावणेदोनला चोविसावा संपला.

मला वाटलं होतं राग संपतो तो क्षण असा लख्ख असेल. हेक्टरचा बाप प्रायम येतो, ज्या हातांनी त्याची इतकी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो, म्हणतो तुझ्या बापाला आठव, आणि दोघं रडतात, एकजण हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी कधी पॅट्रोक्लससाठी. मी पण रडले. मला वाटलं हा घ्या, संपला राग, आता लिहायला बसू.

पण पुढे प्रायम जरा घाई करतो, बसणार नाही म्हणतो, आधी मुलगा दे, तर अकिलीस एकदम डोळे वटारतो की म्हाताऱ्या मला चिडवू नकोस, नाहीतर देवाची आज्ञा मोडून तुलाही सोडणार नाही. मग बाहेर जाऊन दासींना सांगतो प्रेत धुवा, तेल लावा, पण तिकडे आडबाजूला, म्हाताऱ्याला दिसू नये. का, तर मुलाला तसं बघून त्याला राग आवरला नाही तर मग मलाही आवरणार नाही आणि मी त्याला मारून टाकीन. म्हणजे राग आहेच अजून! फक्त या वेळी तो कुठून येणार आहे ते त्याला आधीच दिसलंय आणि त्याने प्रेत दुसरीकडे हलवलंय. मी ट्युटोरियल यावर लिहितेय, राग 'संपतो' हे म्हणायचंच नाही असं ठरवलंय. मॅडमना आवडेल का माहीत नाही, प्रश्नातच 'कुठे संपतो' आहे.

आणि मग ते सगळ्यात साधं बोलणं. अकिलीस विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस लागतील, तेवढे दिवस मी सैन्य थांबवतो. प्रायम मोजतो, नऊ दिवस घरात शोक, दहाव्या दिवशी दहन आणि जेवण, अकराव्या दिवशी वर माती रचू, आणि बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर. 'लढावंच लागलं तर'. समोर बसलेल्या दोघांनाही माहीत आहे की लागणार आहे.

सहा_गण

मस्त. ते आडबाजूला धुणं मुद्द्यात घेतलंस हे भारी केलंस. एक भर घाल, पहिल्या ओळीतच अकिलीसचं नाव येतं आणि शेवटच्या ओळीत अकिलीस नाहीच, 'असे ते घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचे अंत्यसंस्कार करत होते' एवढंच आहे. शेवटचा शब्द तेच ते विशेषण, गाणाऱ्याने आधी अनेकदा वापरलेलं. या वेळी ते जागा भरायला आलंय असं मला तरी म्हणवत नाही.

उंबरठा

आणि प्रायम ओसरीत झोपतो त्या पानावर खाली बघ, ब्रिसेइस आहे. अकिलीसच्या शेजारी झोपलेली, एका ओळीत. बोलत नाही.

कोरी_वही

दोन्ही घालायचंय हो, पण शब्दमर्यादा दीड हजार आहे आणि मी सतराशे तीसवर आहे. काय कापू?

तळटीप

प्रस्तावना काप. होमरने आधीची नऊ वर्षं कापलीयेत.